वाचकांचे प्रश्न : दोन स्टेजच्या मधला सांधा

ट्रान्झिस्टरच्या (बेस, एमिटर आणि कलेक्टर अशा तीन तारांच्या, सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) तीन जोडण्यांवर, म्हणजे कॉमन एमिटर, कॉमन कलेक्टर (यालाच एमिटर फॉलोअर म्हणतात) आणि कॉमन बेस यांवर, या सदरात लिहिलं त्याला दोन महिने झाले. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली आहे: तिन्ही वेगवेगळ्या समजल्या, पण एकीला दुसरी जोडायची कशी आणि कशासाठी? म्हणून या वेळी फक्त तीच पत्रं घेतली आहेत.

ताई, आम्ही दोघी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत. प्रोजेक्टसाठी माईकचा ॲम्प्लिफायर केला. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या दोन कॉमन एमिटर स्टेज, म्हणजे एकामागे एक दोन टप्पे, ९ व्होल्टची बॅटरी. दोन्हींना कलेक्टरमध्ये ४.७ किलोओम, एमिटरमध्ये १ किलोओम आणि त्यावर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बेसला ४७ आणि १० किलोओम. सूत्राने एका स्टेजचा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) १८० येतो, म्हणजे दोन्हींचा ३२,४०० यायला पाहिजे. सीआरओवर, म्हणजे लाट दाखवणाऱ्या पडद्यावर, त्याच्या निम्मासुद्धा दिसत नाही. ८ ओमचा स्पीकर लावला की आवाजच जातो. सर म्हणतात शेवटी एमिटर फॉलोअर लावा. पण त्याचा गेन तर १! ज्याचा गेन एक, त्याने आवाज वाढेल काऊन?
— दोन विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर

सरांचं बरोबर आहे. तुमचं गणितही बरोबर आहे, फक्त ते एकट्या स्टेजचं आहे. १८० हा आकडा त्या स्टेजच्या मागे, म्हणजे तिच्या आउटपुटला, कुणीच उभं नसतानाचा. मागे कोण उभं केलं यावर तो बदलतो, आणि किती बदलतो ते वहीवर मांडून बघितल्याशिवाय पटत नाही. मी तीस वर्षं प्रॅक्टिकल घेतली. मुलांना सूत्रं पाठ असायची, पण सांध्यावर काय होतं ते कुणी कधी मोजलेलं नसायचं.

तर वही घ्या. तुमच्या बायसवरून, म्हणजे बेसला दोन रेझिस्टरने दिलेल्या स्थिर व्होल्टेजवरून, कलेक्टर करंट साधारण १ मिलिअँपिअर येतो. त्या करंटला एमिटरचा आतला रेझिस्टन्स २६ ओम धरायचा. ४,७०० भागिले २६ म्हणजे १८०. इथपर्यंत तुम्ही पोचलात. आता दुसऱ्या स्टेजच्या बेसमधून आत बघा. ट्रान्झिस्टरचा करंट गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरमधून वाहतो) २०० धरला, तर तो २६ ओम तुम्हाला बेसकडून दोनशे पटीने मोठा दिसतो, म्हणजे ५.२ किलोओम. त्याच्या जोडीला बायसचे ४७ आणि १० किलोओम. सिग्नलच्या दृष्टीने बॅटरीचा प्लसदेखील ग्राउंडच, म्हणून हे दोन्ही पॅरलल. त्यांचे झाले ८.२ किलोओम. सगळं मिळून दुसऱ्या स्टेजचा इनपुट रेझिस्टन्स उरला ३.२ किलोओम. दोन स्टेज जोडणाऱ्या कपलिंग कपॅसिटरमधून हे ३.२ किलोओम पहिल्या स्टेजच्या ४.७ किलोओमला येऊन चिकटतात आणि दोघांचे होतात १.९. आता पुन्हा भागा: १,९०० भागिले २६, गेन ७३. एकीने १८० कमावले, त्यातले शंभराच्या वर दुसरीने दारातच खाल्ले. एकूण गेन ७३ गुणिले १८०, म्हणजे १३ हजारांच्या आसपास. तुमच्या सीआरओवर हेच दिसलं असणार.

स्पीकरचं दुखणं यापेक्षा फार मोठं आहे. दुसऱ्या स्टेजच्या ४.७ किलोओमला ८ ओम पॅरलल लावले की उरतात जेमतेम ८ ओम. ८ भागिले २६: गेन ०.३. आधी १८० पट वाढवणारी स्टेज आता सिग्नल तिसऱ्या हिश्शावर आणून ठेवते. आवाज गेला तो इथे. स्पीकर काढून दुसऱ्या कलेक्टरवर सीआरओचा प्रोब ठेवा आणि मग नुसतं स्पीकरचं एक टोक टेकवा. लाट डोळ्यांदेखत आडवी पडेल. हा प्रयोग प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत करून दाखवा, अर्धं काम तिथेच होईल.

आता फॉलोअर. व्होल्टेज वाढवणं हे त्याचं कामच नाही. समोरून व्होल्टेज घेतो आणि तेवढंच व्होल्टेज मागे देतो, पण मागे लागणारा करंट स्वतः बॅटरीतून ओढतो; समोरच्याकडून त्याचा दोनशेवा हिस्साच मागतो. म्हणून त्याच्या एमिटरला ८ ओम लावले, तर बेसकडून ते १,६०० ओम दिसतात. त्यामागे आणखी एक ट्रान्झिस्टर त्याच पद्धतीने जोडला आणि त्याचा करंट गेन ५० असला, तर ८ चे दिसतात ८०,००० ओम. ही ती डार्लिंग्टन जोडी. बेल लॅबमधल्या सिडनी डार्लिंग्टन यांनी १९५३ साली मांडलेली. ४.७ किलोओमच्या स्टेजला ८०,००० चा भार जाणवतच नाही. गेन १८० चा १७० होतो, एवढंच. म्हणजे गेन एक असलेल्या जोडीने ०.३ ला १७० वर आणलं. तुमच्या 'काऊन'चं उत्तर हे.

नुसता बीसी ५४७ मात्र स्पीकरला जोडू नका. ८ ओमवर एक व्होल्टची लाट हवी असेल, तर शिखरावर १२५ मिलिअँपिअर लागतात आणि बीसी ५४७ ची मर्यादा १०० ची आहे. वरच्या बाजूला बीसी ५४७ आणि एसएल १००, खालच्या बाजूला बीसी ५५७ आणि एसके १००, अशा दोन डार्लिंग्टन जोड्या समोरासमोर लावा. वरची जोडी लाटेचा वरचा अर्धा भाग ओढेल, खालची खालचा. वरच्या आणि खालच्या जोडीच्या बेसच्या मधे १एन४१४८ चे चार डायोड एकामागे एक लावा, नाहीतर लाट शून्यातून जाताना दोन्ही जोड्या क्षणभर बंद पडतात आणि आवाज चरचरतो. त्या चार डायोडना २.४ व्होल्ट लागतात, म्हणून दुसऱ्या स्टेजचा कलेक्टर रेझिस्टर ४.७ च्या जागी ३.३ किलोओम घ्या, म्हणजे मधला बिंदू बॅटरीच्या निम्म्यावर, साडेचारच्या आसपास राहील. प्रत्येक एसएल आणि एसके १०० च्या एमिटरमध्ये १ ओम. स्पीकरला जाताना १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. १०० चा लावला तर २०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जाईल आणि तबल्यातला डग्गा ऐकूच येणार नाही. यातून साठ-बासष्ट मिलिवॅट मिळतात. खोलीत स्वच्छ ऐकू येतं. छोट्या चौकोनी बॅटरीचा दम लगेच तुटतो, सहा पेन्सिल सेल घ्या.

राहिला तुमचा ३२,४०० चा हट्ट. पहिल्या आणि दुसऱ्या स्टेजच्या मधेही एक फॉलोअर टाकला तर ७३ चे जवळजवळ १८० परत मिळतील, हे खरं. पण टाकू नका. कंडेन्सर माईकसमोर जवळून बोललं की काही मिलिव्होल्ट मिळतात. २ मिलिव्होल्टचे ३२,४०० पट म्हणजे ६५ व्होल्ट, आणि तुमची बॅटरी ९ ची. ब्रेडबोर्डवर एवढा गेन ठेवला की स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून शिट्टी सुरू होते. त्यापेक्षा दोन्ही स्टेजच्या एमिटरमधला १ किलोओम फोडा: १०० ओम मोकळे ठेवा आणि उरलेल्या ९१० वर कपॅसिटर लावा. पहिलीचा गेन २१ येईल, दुसरीचा २६, मिळून साडेपाचशे. लाट कमी वाकडी होईल, ट्रान्झिस्टर बदलला तरी गेन फारसा हलणार नाही आणि इनपुट ३.२ चा ६ किलोओम होईल. गेन सोडून दिला की त्या बदल्यात पुष्कळ काही मिळतं, आणि हा सौदा मला नेहमीच फायद्याचा वाटत आला आहे.

मॅडम, मी कामठीला आयटीआय करतो. कपॅसिटरचा खर्च वाचवायला तीन कॉमन एमिटर स्टेज थेट जोडल्या, पहिलीचा कलेक्टर सरळ दुसरीच्या बेसला. जानेवारीत मस्त चालत होतं. आता मे महिन्यात आवाज फाटतो, दुपारी तर बंदच पडतं. संध्याकाळी आपोआप सुरू होतं. ट्रान्झिस्टर खराब असेल का?

ट्रान्झिस्टर ठणठणीत आहे. हा आपल्या उन्हाचा प्रताप.

मी स्वतः यात अडकले होते, म्हणून सविस्तर सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्गाला दाखवायला असाच तीन थेट जोडलेल्या स्टेजचा बोर्ड मी जानेवारीत बनवला. लाकडी पाटीवर पितळी खिळे ठोकून, त्यावर सोल्डर करून. मुलांना तो फार आवडला. मे महिन्यात प्रॅक्टिकल परीक्षा आली. प्रयोगशाळा सर्वात वरच्या मजल्यावर, वर टिनाचं छत, नवतपा लागलेला. बोर्ड लावला तर आउटपुटवर एक सरळ रेघ. मी घाबरून तिन्ही ट्रान्झिस्टर बदलले, तरी तीच रेघ. एक मुलगी पाणी प्यायला माठाकडे गेली होती. येताना तिने ओला रुमाल आणला आणि कपाळ पुसून सहज पहिल्या ट्रान्झिस्टरवर टेकवला. रेघ हलली आणि तिथे लाट आली! रुमाल काढला, दोन मिनिटांत पुन्हा रेघ. त्या दिवशी परीक्षा बाजूला राहिली आणि आम्ही सगळ्यांनी मल्टिमीटर घेऊन तिन्ही कलेक्टरचे व्होल्ट लिहून काढले.

काय होतं ते असं. सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमधलं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेचे १० अंश आणि मेच्या दुपारचे ४५, फरक ३५ अंशांचा, म्हणजे ७० मिलिव्होल्ट. एमिटरमध्ये १ किलोओम आणि कलेक्टरमध्ये ४.७ असेल तर मंद बदलांसाठी स्टेजचा गेन ४.७ असतो, कारण एमिटरवरचा कपॅसिटर इतक्या सावकाश बदलाला काहीच करू शकत नाही. पहिल्या कलेक्टरवर ७० चे झाले ३३० मिलिव्होल्ट. दुसऱ्या स्टेजचा स्वतःचा घसरा, म्हणजे उष्णतेने तिचं व्होल्टेज सरकणं, त्यातून थोडा वजा होतो, तरी तिच्या कलेक्टरवर सव्वा व्होल्टच्या आसपास फरक पडतो. तिसऱ्यावर तोच सहा व्होल्ट होतो. ९ व्होल्टच्या सर्किटात सहा व्होल्टने सरकलेला कलेक्टर कुठे जाणार? तळाला जाऊन बसला. सिग्नलला हलायला जागाच उरली नाही. आणि कुणी एमिटरमधला १ किलोओमही काढून टाकला असेल आणि बेसवर ठरावीक व्होल्टेज ठेवलं असेल, तर ७० मिलिव्होल्टने करंट सुमारे पंधरा पट होतो. ते सर्किट मेपर्यंतसुद्धा टिकायचं नाही.

उपाय सोपा आहे. कॉमन एमिटरला कॉमन एमिटर जोडायची असेल आणि काम आवाजाचं असेल, तर मधे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. उन्हाचा घसरा तो अडवतो, आवाज जाऊ देतो. काही रुपयांचा कपॅसिटर वाचवायच्या नादात तीन महिन्यांचं काम जातं. थेट जोडायचंच असेल तर कॉमन एमिटरच्या मागे फॉलोअर थेट जोडा. फॉलोअरचा गेन एक, म्हणून तो घसरा वाढवत नाही, जसाच्या तसा पुढे देतो. पहिल्या कलेक्टरवरचे ४.३ व्होल्ट हाच फॉलोअरचा बायस होतो आणि त्याचा एमिटर ३.७ वर छान बसतो. बायसचे दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर इथे खरोखरच वाचतात. तुझी काटकसरीची इच्छा चांगली आहे, ती या सांध्यावर वापर.

ताई, हिंगण्याजवळ आमचं भजन मंडळ आहे. एकतारीला बझरमधली पितळी पायझो चकती चिकटवली आणि ती तुमच्या जुन्या लेखातल्या कॉमन एमिटर स्टेजला जोडली. खंजिरीचा कडकडाट येतो, पण एकतारी डब्यात खडे वाजवल्यासारखी ऐकू येते. तिचा घुमारा कुठे गेला?

भाऊ, घुमारा तुमच्या पहिल्या सांध्यावर अडकला आहे. पायझो चकती म्हणजे विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर, साधारण २० नॅनोफॅरडचा. त्या स्टेजचा इनपुट ३.२ किलोओम. हे दोन एकत्र आले की सुमारे २,५०० हर्ट्झच्या खालचे सूर गळत जातात. जितका सूर खालचा, तितका जास्त गळतो. एकतारीचा मूळ सूर १३० हर्ट्झच्या आसपास असेल तर त्याचा एकोणिसावा हिस्सा पुढे पोचतो. उरतो तो तारेवर नख लागल्याचा टिकटिकाट. टोनचं बटण फिरवून हे सुधारत नाही, कारण जे आतच आलं नाही ते वाढवणार काय?

वरच्या मुलींना फॉलोअर शेवटी लागला, तुम्हाला तो सर्वात पुढे लागेल. पण साधा फॉलोअर लावला तर एक अडचण येते: ट्रान्झिस्टर स्वतः लाखांत इनपुट दाखवतो, आणि बेसला बायस देणारे रेझिस्टर मात्र तो सगळा फायदा खाऊन टाकतात. यावरची युक्ती मला फार सुंदर वाटते. बॅटरीच्या प्लस आणि ग्राउंडमध्ये १०० किलोओमचे दोन रेझिस्टर लावा. त्यांच्या मधल्या बिंदूपासून बेसपर्यंत तिसरा १०० किलोओम. एमिटरमधून ग्राउंडला ४.७ किलोओम. आणि एमिटरपासून त्या मधल्या बिंदूला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आता बेस वर गेला की एमिटर जवळजवळ तितकाच वर जातो आणि कपॅसिटर मधल्या बिंदूलाही सोबत उचलतो. तिसऱ्या रेझिस्टरची दोन्ही टोकं एकदमच वर, एकदमच खाली. टोकांमध्ये फरकच नाही तर करंट वाहणार कुठून? चकतीला तो रेझिस्टर असून नसल्यासारखा. एवढ्या एका कपॅसिटरने इनपुट काही लाख ओमपर्यंत जातो आणि घसरणीची सीमा २,५०० वरून वीस-पंचवीस हर्ट्झवर उतरते.

त्याच्या मागे तुमची आधीची कॉमन एमिटर स्टेज तशीच ठेवा. फॉलोअर मात्र एकतारीजवळ, वीतभर अंतरावर, छोट्या डबीत बसवा. जाळीची वायर तिथून पुढे न्या. फॉलोअरचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलसाठीचा आतला अडथळा, कमी असल्याने लांब वायरीत कूलरच्या मोटरची गुणगुण शिरत नाही. मंडपात शेजारी दोन कूलर घरघरत असतात, तिथे याचा फरक लगेच कळेल.

कॉमन बेसचा इनपुट २६ ओम आणि करंट गेन एकपेक्षा कमी. मी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर हौसेने रेडिओ करतो, पण ही जोडणी वापरायची वेळ कधी आली नाही. ती पुस्तकात जागा अडवून का बसली आहे?
— अजनी, नागपूर

काका, रेडिओ करता म्हणजे तिची गरज तुम्हालाच सर्वात जास्त. एकटीला बघितलं तर ती गैरसोयीची वाटते खरी. कॉमन एमिटरच्या डोक्यावर बसवली की तिची किंमत कळते.

बीसी ५४७ च्या कलेक्टर आणि बेसमध्ये आतल्या आत एक इवलासा कपॅसिटर असतो, ३ पिकोफॅरड धरू. कॉमन एमिटरमध्ये बेस १ मिलिव्होल्ट वर गेला की कलेक्टर १८० मिलिव्होल्ट खाली येतो. त्या कपॅसिटरला दोन्ही मिळून १८१ चा फरक दिसतो आणि तो बेसकडून १८१ पट करंट मागतो. म्हणजे ३ चे झाले ५४३ पिकोफॅरड. जॉन मिलर यांनी १९२० साली व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, बाबतीत हे मांडलं, म्हणून मिलर परिणाम. समोरून सिग्नल देणारा सोर्स २ किलोओमचा असेल तर १४६ किलोहर्ट्झच्या पुढे गेन घसरू लागतो. आवाजाच्या कामाला त्याने काही बिघडत नाही. पण आकाशवाणी नागपूर मिडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला. तिथे पोचेपर्यंत तुमच्या स्टेजचा गेन पावपट झालेला असतो.

आता कलेक्टरमधला ४.७ किलोओम उचला, त्याच्या खाली दुसरा बीसी ५४७ ठेवा, आणि त्याचा एमिटर पहिल्याच्या कलेक्टरला जोडा. वरच्याच्या बेसला दोन रेझिस्टरने ३ व्होल्ट द्या आणि तिथून ग्राउंडला कपॅसिटर लावा, म्हणजे तो बेस सिग्नलपुरता गाडलेला खुंटा. खालच्या ट्रान्झिस्टरला आता ४.७ किलोओमऐवजी वरच्याच्या एमिटरचे २६ ओम दिसतात. २६ भागिले २६, गेन एक. कलेक्टर हलतच नाही म्हटलं तरी चालेल. मिलरचा कपॅसिटर ५४३ चा ६ पिकोफॅरड होतो. करंट मात्र सगळाच्या सगळा वरच्यातून ४.७ किलोओममध्ये जातो, म्हणून एकूण गेन १८० तसाच. तुम्हाला जो २६ ओम दोष वाटत होता, तोच इथे कामाला आला. बेस-एमिटरमधली काही दहा पिकोफॅरड उरतात, पण मिडियम वेव्हला त्यांचा जाच नाही. शिवाय आउटपुटची हालचाल मागे इनपुटपर्यंत पोचत नाही, म्हणून रेडिओ ट्यून करताना तो शिट्ट्या मारायचंही थांबतो.

या जोडीला कॅस्कोड म्हणतात. हंट आणि हिकमन यांनी १९३९ साली व्हॉल्व्हच्या जोडीसाठी हे नाव वापरलं, ट्रान्झिस्टर जन्मायच्या आठ वर्षं आधी. अनेक विद्यार्थी कॅस्केड आणि कॅस्कोड यांत गोंधळतात. एकामागे एक स्टेज लावणं ते कॅस्केड, आणि कॉमन एमिटरवर कॉमन बेस रचून तोच करंट दोघांतून नेणं ते कॅस्कोड.

आता सगळं चिपमध्ये मिळतं. मग हे सगळं शिकण्यात वेळ का घालवायचा?

कारण चिपच्या आत हेच आहे. ७४१ हा ऑप-ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायरची चिप, घ्या, फेअरचाइल्ड कंपनीमध्ये डेव्ह फुलागर यांनी बनवलेला, १९६८ चा. त्याच्या पहिल्या स्टेजमध्ये इनपुटचे दोन ट्रान्झिस्टर फॉलोअर आहेत, आणि त्यांचे एमिटर कॉमन बेसमधल्या दोन पीएनपी (उलट्या दिशेने करंट नेणाऱ्या) ट्रान्झिस्टरना सिग्नल देतात. दुसऱ्या स्टेजमध्ये आधी फॉलोअर, मग मोठा गेन देणारा कॉमन एमिटर. शेवटी समोरासमोर दोन फॉलोअर, नंदनवनच्या मुलींना सांगितले तसेच. आणि मिलर परिणाम, जो अजनीच्या काकांना नको आहे, तो इथे मुद्दाम वापरला आहे: दुसऱ्या स्टेजवर ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकून तो शेकडो पट मोठा करून घेतला, म्हणजे चिप स्वतःहून थरथरत नाही. एवढा मोठा कपॅसिटर सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवणं परवडलंच नसतं. मी हे सर्किट पहिल्यांदा ओळखीच्या जोडण्यांमध्ये फोडून वाचू शकले, त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो.

एसएल १०० ची कोणती तार एमिटर? बर्डीच्या दुकानात दोघांनी दोन उत्तरं दिली.

धातूच्या टोपीच्या कडेला एक छोटं नाक बाहेर आलेलं असतं. त्याच्या शेजारची तार एमिटर, मधली बेस, उरलेली कलेक्टर. एसके १०० चंही तसंच. खात्रीसाठी मल्टिमीटर डायोडवर ठेवून तपासा. कलेक्टर आतून टोपीला जोडलेला असतो, हे मात्र विसरू नका. वर दिलेल्या सर्किटात एसएल १०० चा कलेक्टर बॅटरीच्या प्लसला आणि एसके १०० चा ग्राउंडला आहे. दोन टोप्या एकमेकींना टेकल्या की सहा पेन्सिल सेल सरळ शॉर्ट. दोघांमध्ये बोटभर अंतर ठेवा, किंवा एकाच्या टोपीवर स्लीव्हचा तुकडा चढवा.